मार्थाच्या रानात मेंढरं

कळंब
१९ जानेवारी २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. एवढं जाड पाकीट बघून घाबरू नका, ही कोर्टाची नोटीस नाही. आत माझ्या कादंबरीची पहिली चार प्रकरणं आहेत. हो, मी कादंबरी लिहितेय! दिवसा चौथीच्या पोरांना भागाकार शिकवते आणि घरी आले की अमेरिकेत जाते.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर लावल्याशिवाय बोलत नाही, आणि तुमचा स्पीकर लागला की सगळी वाडी ऐकते. मला बघायला आलेल्या त्या मुलाचं तुम्हाला एकटीला सांगितलं होतं. संध्याकाळी तुमच्या जाऊबाईंचा बाबांना फोन, "पोरीला टकला नवरा नको म्हणं!" तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. आपलं पत्रच बरं.

गोष्ट थोडक्यात सांगते. दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेचं वायोमिंग. नुसतं गवत आणि आभाळ. तिथं मार्था नावाची एक विधवा एकटीनं आपली जमीन सांभाळतेय. गॉर्डन नावाचा एक बडा गाईवाला आहे, त्याला तिची जमीनही हवी आणि तीही हवी. आणि मग एक दिवस थॉमस येतो. मेंढपाळ. निळ्या डोळ्यांचा.

सगळे विचारतात, अमेरिका कशाला, परंड्याच्या किल्ल्यावर लिही. किल्ल्यावर कुणीही लिहील हो! पुण्याच्या एका प्रकाशकांना कल्पना आवडलीय, मे अखेर पूर्ण पुस्तक मागितलंय. बाबा म्हणाले, "सीताला काय कळतंय अमेरिकेचं?" मी म्हटलं, परंड्याच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं दोनदा वाचलेली बाई आपल्या खानदानात दुसरी कोण आहे? वाचा आणि खरंखुरं कळवा. माझं मन राखू नका.

तुमची,
समृद्धी

◆

वाडी, परंडा
२ फेब्रुवारी

चि. समृद्धीस आत्याचे लई आशीर्वाद.

वाचलं. दोनदा वाचलं. अक्षर चांगलं हाय. मन राखू नको म्हणलीस, म्हणून सांगते.

तुझा थामस दोन हजार मेंढरं माळावर सोडून गावात नाचायला जातो. मग मेंढरं कोण राखतंय? तुझा बाप? लांडगं फिरत्यात म्हणून तूच वरच्या पानावर लिवलंस आन् खालच्या पानावर ह्यो गडी मार्थाच्या कमरंला हात घालून नाचतोय. असल्या माणसाला म्या तर शेळीबी राखायला देणार न्हाय. आन् त्याच्या अंगाला लवंडरचा वास येतो म्हणं! मेंढरामागं राहिलेल्या माणसाच्या अंगाला मेंढराचाच वास येतो. त्यात लाजायचं काय हाय?

दुसरं. मेंढरं गवतात शिरली म्हणून गॉर्डन त्यांना गोळ्या घालतो. त्याचं डोस्कं फिरलंय का? आमी इथं हातापाया पडून मेंढरं रानात बसवून घेतो. राती जाळीचं वाघर लावायचं, कळप आत बसवायचा, की सकाळपस्तोर रानाला सोन्यासारखं खत. धनगराला दाणे देतो, वर चहा पाजतो, आन् पुढल्या वर्षी आमच्याकडंच ये रं बाबा म्हणतो. आन् तुझ्या अमेरिकेत फुकट आलेल्या खताला गोळ्या!

यंदा म्याबी खालच्या रानात कळप बोलावलाय. सांगोल्याकडचा म्हाळाप्पा म्हणून हाय, संगट त्याचा भाऊ आन् भावजय. माणूस लई शिष्ट. पहिल्याच दिवशी पाहुणचार म्हणून आमटी-भाकरी नेऊन दिली. खाल्ली, हात धुतला, आन् म्हणतो कसा, "मीठ कमी हाय." आवं, फुकटच्या जेवणाला! आजवर माझ्या आमटीला कुणी नाव ठेवलं न्हाय. म्या बी म्हणलं, सांगोल्याला समुद्र आसंल, आमच्याकडं न्हाय.

धनाजीदादाला म्हणावं, अमेरिकेचं न्हाय पण मेंढराचं कळतंय मला.

तुझी,
आत्या

◆

कळंब
९ फेब्रुवारी

ती. आत्या,

बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. "मग मेंढरं कोण राखतंय? तुझा बाप?" ह्या वाक्यावर ते खुर्चीत उठून बसले आणि म्हणाले, राखली असती, पगार काय देतो विचार.

थॉमसचं नाचणं काढलं. लॅव्हेंडर काढला. गोळ्या मात्र राहणार, कारण ते खरंच घडलेलं आहे. तिकडच्या गाईवाल्यांना वाटायचं, मेंढरं गवत मुळापासून खातात, पाणी नासवतात. मोकळ्या माळावर मनानंच हद्द ठरवायचे, आणि मेंढपाळानं ती ओलांडली की मेंढरं मारायचे, कधी माणसालाही. तुमच्यासारखा चहा कुणी पाजला नाही त्यांना.

आता एक खरी गोष्ट सांगते. मी जन्मानं धनगराची, पण मेंढरू मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलंय. त्यामुळं थॉमस कसा चालतो, काय बोलतो, एकटा असतो तेव्हा काय करतो, मला काही माहीत नाही. तुमच्या रानात तर जिताजागता मेंढपाळ येऊन बसलाय! माझ्यासाठी एवढं करा. त्या म्हाळाप्पाकडं जरा नीट बघा आणि मला कळवा. सगळं. तुम्हाला माणूस आवडत नाही हे मला कळतंय, पण कादंबरीसाठी सोसा.

"मीठ कमी हाय" मी चोरलं. पाचव्या प्रकरणात थॉमस मार्थाच्या हातचं सूप पितो आणि तेच म्हणतो. मार्था त्याच्या अंगावर सूप वाढायचा डाव फेकते.

तुमची,
समृद्धी

◆

वाडी
२३ फेब्रुवारी

चि. समृद्धीस आशीर्वाद.

तुझं काम करते हाय. रोज संध्याकाळी खालच्या रानात जायचं म्हंजे पायाचे तुकडे पडत्यात, पण अमेरिकेसाठी जाते.

माणूस उंच हाय. फेटा लाल, धुतलेला असतो. कमी बोलतो, पण मेंढराशी दिवसभर बोलतो. एकेका मेंढीला नाव हाय. एकीचं नाव कलेक्टरीण, कारण ती कुणाचं ऐकत न्हाय. घोड्याच्या पाठीवर सामान, आन् त्या सामानावर सूर्यावर चालणारी पाटी बांधल्या, त्याच्यावर फोन चार्ज करतो. तुझ्या थामसकडं हे नसंल, पण तुला सगळं लिव म्हणलीस.

परवा एक कोकरू आजारी पडलं. ह्यानं ते घोंगड्यात घेतलं आन् मांडीवर ठिवून बसला, दुपारची भाकरी बी खाल्ली न्हाय. म्या म्हणलं, जेवा की, कोकराला म्या धरते. तर लगीच दिलं न्हाय. आधी माझे हात बघितले. मग म्हणला, "गार हाईत. आधी चोळून गरम करा." म्या चोळले, समृद्धी! कशाला चोळले कुणास ठाऊक. मग त्यानं कोकरू दिलं आन् माझ्याम्होरं बसून जेवला. आमटी माझीच व्हती. मिठाचं काय बोलला न्हाय, पण कमरंच्या पिशवीतनं चिमूट काढून घातलं. म्या बघितलं.

त्याची बायको लई वर्सामागं गेली. लेकरू न्हाय. हे म्या इचारलं न्हाय, त्याच्या भावजयीनं सांगितलं.

आता तुझ्या बुकाचं. मार्था आन् थामस कुंपणाच्या ह्या बाजूला आन् त्या बाजूला उभं राहून किती पानं बोलणार? बाई जमिनीची मालकीण हाय ना? तिनं सरळ म्हणावं, आण तुझी मेंढरं माझ्या रानात, बसव. मग बघू गॉर्डन काय करतो ते. तिचं रान पिकंल, ह्याची मेंढरं वाचतील. अमेरिकेत हे कुणाच्या डोस्क्यात कसं आलं न्हाय?

कोकरू वाचलं. आता माझ्या मागं मागं करतंय.

आत्या

◆

कळंब
६ मार्च

ती. आत्या,

तुम्ही तिथं असता तर अमेरिकेचा इतिहास वेगळा झाला असता. मार्थानं थॉमसची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतली! सातवं प्रकरण लिहिताना मला झोप आली नाही, एवढी मजा आली. गॉर्डन दात ओठ खातोय. गार हातांचा प्रसंग तर जसाच्या तसा उचललाय. प्रकाशकांनी फोन करून विचारलं, हे कुठल्या इंग्रजी पुस्तकातून घेतलं? मी म्हटलं, परंड्याच्या.

सोबत पाच ते आठ प्रकरणं पाठवतेय. आठव्याच्या शेवटी गॉर्डनची माणसं बंदुका घेऊन थॉमसच्या पालाकडं निघतात. आणि नवव्यात थॉमस मरतो. मार्था आयुष्यभर त्याचं घोंगडं जपते. मी लिहितानाच रडले. खरं प्रेम विरहातच अमर होतं, आत्या. लग्न झालं की काय, मग दळण आणि किराणा.

आणि एक. रोज संध्याकाळी एवढं खाली चालत जाऊन तुमचे गुडघे दुखायचे. मला हवं तेवढं सगळं मिळालंय. तो माणूस एवढा शिष्ट असेल तर त्याला आता दुसरं रान बघायला सांगा ना. उगाच माझ्यासाठी त्रास काढू नका.

तुमची,
समृद्धी

◆

वाडी
१६ मार्च

समृद्धी,

गुडघे माझे हाईत, माझं म्या बघीन.

इथं एक भानगड झाल्या. माझ्या रानातलं बसवणं संपलं, कळप शेजारच्या रानात गेला, म्हणून रिवाजापरमाणं म्या जवारीचा कट्टा, अर्धं पोतं भरून, काढून ठिवला. म्हाळाप्पा आला, कट्ट्याकडं बघितलं, आन् "ऱ्हाऊ द्या" म्हणून निघून गेला. आता ऱ्हाऊ द्या म्हंजे काय? वाडीत सगळ्यांचे दाणे घेतले. सरपंचाचे घेतले. माझ्या जावंचे तर मापून घेतले. आन् माझेच ऱ्हाऊ द्या? म्या काय दीनवाणी हाय? नवरा न्हाय म्हणून माझ्यावर दया करतो काय?

दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीवर घालून कट्टा त्याच्या पालावर धाडला. सकाळी दार उघडलं तर कट्टा माझ्या ओट्यावर! घोड्यावर घालून आणून ठिवलेला. म्या परत धाडला. परत ओट्यावर. दूधवाला म्हणतो, मावशी, ह्या कट्ट्याचा पास काढा. जाऊ दारात उभी राहून पदराआड हसती. सगळी वाडी बघती. मला तोंड लपवायला जागा न्हाय.

तुझा बाप लहानपणी आजासंगट मेंढरामागं हिंडलाय. त्याला इचार, धनगर एखाद्याच्या रानातले दाणे घेत न्हाय, ते कशापायी? नीट इचार. जेवताना इचार, तेव्हा त्याचं डोस्कं थंड असतं. आन् तो काय बोलला ते जसंच्या तसं मला लिव, एक शब्द बी गाळू नको.

आत्या

ता. क. थामसला मारायचं नाव काढलंस तर कळंबला येऊन तुझी वही चुलीत घालीन. दळण आन् किराणा एकट्यानं आणून बघ म्हंजे कळंल विरह काय असतो ते.

◆

कळंब
२४ मार्च

ती. आत्या,

जेवताना विचारलं. बाबांनी भाकरीचा घास हातातच धरला. म्हणाले, "कुणी घेतले न्हाईत? कुणाचे?" मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, कट्ट्याच्या वाऱ्यांसकट. आधी ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, आई पाठ थोपटत होती. मग डोळे पुसले.

जसंच्या तसं लिहिते. ते म्हणाले, "आपला आजा गावोगाव मेंढरं बसवायचा. सगळ्याचे दाणे घ्यायचा, पाटलाचे बी सोडायचा न्हाय. पण त्याच्या बहिणीच्या रानातले आन् आजीच्या माहेरचे कधी घेतले न्हाईत. म्हणायचा, आपल्याच घरच्या रानात मेंढरं बसवली तर दाणे कुणाकडनं घ्यायचे? त्यो गडी सीताला दया दाखवत न्हाय. त्यो म्हणतोय, हे रान माझ्या माणसाचं हाय."

मी ताट तसंच ठेवून उठले. आत्या! मी किती येडी! मी इथं बसून निळ्या डोळ्यांचा माणूस शोधतेय आणि तुमच्या ओट्यावर कट्टा येऊन पडतोय. आणि मी तुम्हाला लिहिलं, त्याला हाकलून द्या म्हणून!

मग बाबा म्हणाले, "तिला लिव, माझं काय म्हणणं न्हाय. माझं म्हणणं असतं तर म्या हसलो नसतो. बारा वर्सं झाली दाजी जाऊन. आपल्यात विधवा बाईला पाट लावायला कुणाची बंदी न्हाय. फक्त सुरज काय म्हणतोय ते तिनं बघावं, त्यो तिचा लेक हाय." आणि त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

तुमच्या मनात काय आहे, आत्या? मला सांगाल ना?

आता माझा गुन्हा. तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी नववं प्रकरण पुण्याला गेलं. थॉमस मेला. प्रकाशक म्हणाले, फार छान, बायका रडतील.

समृद्धी

◆

वाडी
२५ एप्रिल

चि. समृद्धीस आशीर्वाद.

म्हैना झाला, उत्तर दिलं न्हाय. 

कट्टा माझ्या ओट्यावरच हाय. म्या परत धाडला न्हाय आन् घरात बी घेतला न्हाय. तसाच ठिवलाय. येणारा जाणारा त्याच्यावर टेकून बसतो.

पाडव्याला सुरज पुण्यावरनं आला व्हता. दोन दिस राहिला. म्या रोज ठरवायची, आज सांगीन. आन् त्याचं तोंड बघितलं की ताटात आणिक एक पोळी टाकायची. मालक गेले तवा ते अकरा वर्साचं लेकरू माझ्या पदराला धरून बसलं व्हतं. आता त्याला काय म्हणू? बाबा रे, तुझ्या आईचं मन लागलंय? लोकांचं मला भ्या न्हाय, लोक दोन दिस बोलतील आन् तिसऱ्या दिशी माझ्याकडंच ताक मागायला येतील. पण पोरानं मान खाली घातली तर माझ्यानं सोसणार न्हाय. त्यो गेला. म्या त्याला लाडू बांधून दिले, एवढंच.

आता तुला म्हणून सांगते. मला त्यो माणूस आवडतो, समृद्धी. संध्याकाळ झाली की पाय आपसूक त्याच्या पालाकडं वळत्यात. इतकी वर्सं म्या एकटीनं रान केलं, पोराला शिकवलं, मला कशाची कमी हाय असं वाटलंच न्हाय. आन् आता वाटतंय.

तुझं बुक म्या पालावर वाचून दाखवते. दिवसाउजेडी, सगळ्यांम्होरं. त्याची भावजय लोकर निवडत ऐकती, भाऊ ऐकतो, कलेक्टरीण बी येऊन बसती. म्हाळाप्पा तोंड तिकडं करून बसतो, पण मार्थानं डाव फेकला तवा त्याचे खांदे हलत व्हते. आठवं संपलं, गॉर्डनची माणसं बंदुका घेऊन निघाली, आन् म्या वही मिटली. तर त्यानं इतक्या दिसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून इचारलं, "मग थामसचं काय झालं?"

काय सांगू म्या त्याला? मेला म्हणून?

म्या म्हणलं, पुढलं अजून आलं न्हाय. मग तो म्हणला, "रोहिणी नक्षत्र लागायच्या आत आमी सांगोल्याला निघणार. त्याच्याआधी मला दोन्हीचं कळवा. थामसचं बी, आन् कट्ट्याचं बी."

म्या म्हणलं, भाचीचं बुक पुरं झालं की सांगते. तवा आता सगळं तुझ्या हातात हाय. माझी बुद्धी चालंना, तू काय ते कर.

आत्या

◆

कळंब
४ मे

माझ्या लाडक्या आत्या,

थॉमस जिवंत आहे!

प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, नववं प्रकरण फाडून टाका. ते म्हणाले, अहो मॅडम, रडण्यावर पुस्तक खपतं. मी म्हटलं, पुस्तक खपलं नाही तरी चालेल, परंड्यात एक माणूस वाट बघतोय. त्यांना काही कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून हो म्हणाले.

नवं नववं प्रकरण सोबत आहे. गॉर्डनची माणसं येतात, तर पाल रिकामं. थॉमस, कळप, घोडं सगळं मार्थाच्या रानात, आणि कुंपणावर मार्था स्वतः बंदूक घेऊन उभी. म्हणते, "हे माझं रान आहे आणि ही माझी मेंढरं आहेत." 'माझी' म्हणते, आत्या! थॉमस ते मागून ऐकतो.

आता दुसरी बातमी, ती ऐकायला खाली बसा. सुरज परवा कळंबला आला होता. मी तुम्हाला न विचारता त्याला सगळं सांगितलं. रागवा, मारा, काय करायचं ते करा, पण फोनवर नको, सगळी वाडी ऐकेल.

  सुरजनं विचारलं, "पाडव्याला आई मला जेवताना सारखी बघत होती, ते ह्यासाठी? मला वाटलं माझं वजन कमी झालंय." मग म्हणाला, "दीदी, मी त्या म्हाळाप्पांना भेटलोय. पाडव्याला आईनं मला पालावर पुरणपोळ्या द्यायला पाठवलं होतं. त्यांनी मला घोंगडं टाकून बसायला दिलं आणि आईचे हात सारखे गार असतात, डॉक्टरला दाखवलं का म्हणून विचारलं. आईचे हात गार असतात हे मला माहीतही नव्हतं." 

आणि मग तो हसायला लागला. म्हणाला, "आईच्या आमटीत मीठ कमी असतं हे तिला तोंडावर सांगणारा माणूस आहे तो! मी जन्मापासून ती आमटी खातोय, बाबाही गुपचूप वरून मीठ घ्यायचे, पण बोलायची छाती कुणाची नव्हती. आईला म्हणावं, असला माणूस सोडू नको. निदान मी घरी आलो की चवीचं खायला मिळेल."

त्याला मी म्हटलं, हे पत्रात लिहू? म्हणाला, सगळं लिही, आणि लिही की मी मान खाली घातली नाही.

आता फक्त शेवटचं पान उरलंय. गॉर्डन गेला, रान शांत झालं, थॉमस चुलीजवळ येऊन बसला. मार्थानं आता त्याला होकार द्यायचाय, पण कसा देते तेच मला सुचत नाही. दहा वेळा लिहिलं आणि खोडलं. अशा वेळी बाई नेमकं काय म्हणते? काय करते? मला अनुभव नाही. ते तुम्ही लिहून पाठवा. पुस्तक अडलंय.

तुमची,
समृद्धी

◆

वाडी
१६ मे

चि. समृद्धीस आन् तिच्या अमेरिकेला आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र ओट्यावर बसून वाचलं, त्याच कट्ट्याला टेकून. सुरजचं वाचलं आन् म्या मोठ्यानं रडले. जाऊ पळत आली, कोण गेलं म्हणून. म्या म्हणलं, कुणी गेलं न्हाय, थामस वाचला. तिला वाटलं माझं डोस्कं फिरलं. मग तिलाबी सगळं सांगितलं, आता स्पीकरची गरज न्हाय.

मालक वरनं मीठ घ्यायचे, हे मला आज कळतंय. देवमाणूस व्हता.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. धनगर दाणे का घेत न्हाय ते मला ठाऊक नव्हतं व्हय गं? आजाच्या मांडीवर तुझा बाप एकटाच बसला न्हाय, म्या बी बसले हाय. पयल्या दिवशीच समजलं मला. पण थोरल्या भावाला बहिणीनं कोणत्या तोंडानं इचारायचं, की दादा, म्या पाट लावू का? म्हणून कट्टा परत धाडत राहिले, तुला राग दाखवला, आन् तुझ्या हातनं त्याला इचारलं. जेवताना इचार म्हणलं, कारण जेवताना त्यो कुणाला न्हाय म्हणत न्हाय. तू म्हणलीस तुला अनुभव न्हाय. आता थोडा आला.

परवा नववं वाचून दाखवलं. मार्था "माझी मेंढरं" म्हणली तवा म्हाळाप्पाच्या भावजयीनं टाळ्या वाजवल्या.  तो उठून कलेक्टरणीच्या कानामागं खाजवत बसला. म्या वही मिटली आन् घरी आले. कट्टा घरात घेतला. एकटीनं ओढून घेतला, कुणाला हात लावू दिला न्हाय. त्यातली जवारी दळून आणली, भाकऱ्या केल्या, आमटी केली, आन् जेवण पालावर न धाडता त्याला निरोप धाडला, की जेवायला घरी या.

आला. फेटा नवा व्हता. दारात जरा थांबला, ओटा मोकळा बघितला, आन् मग आत आला.

सांगोल्याला भाऊ मेंढरं घेऊन जाईल. हा इथंच राहणार, थोडी मेंढरं ठिवून. रान माझं माझ्याकडंच राहील, हे त्यानंच आधी म्हणलं. पुढल्या ऐतवारी देवाम्होरं पाट लावायचा हाय. दादाला, वहिनीला घेऊन ये. सुरज मुंडावळ्या आणणार हाय, त्यानंच सांगितलंय फोनवर, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. कोकरू आता मोठं झालंय, पायात येतं, सांभाळून ये.

आन् तुझं शेवटलं पान. मार्थाला कायबी बोलायला लावू नको. बोलायचं असतं तवा शब्द येत न्हाईत, हे मला आता ठाऊक झालंय. थामस चुलीजवळ बसलाय ना? मग मार्थानं त्याला वाढावं, रोजच्यासारखं, जरा बी जास्त मीठ न घालता. आन् मिठाचा डबा फळीवरनं काढून त्याच्या ताटाशेजारी ठिवावा. तिथंच ठिवावा, परत फळीवर ठिवू नये.

म्या तसंच केलं.

तुझी,
आत्या